सातबारा कोरा होण्याची वीस वर्षं

येरमाळा हे सोलापूर–धुळे महामार्गावरचं, धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं गाव. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, पालखी आमराईत येते, लाखो माणसं चुनखडी वेचतात. निवडणूक जवळ आली की सगळ्याच पक्षांचे उमेदवार येडाईच्या पायाशी येतात. खाली शिवारात सोयाबीन, हरभरा, तूर आणि पाणी लागलं तिथं ऊस. या गावातून मुंबईकडे पाहिलं तर गेल्या वीस वर्षांत मुख्यमंत्री बदलले, युत्या मोडल्या, आघाड्या जुळल्या, पक्षच्या पक्ष फुटले. शेतकऱ्याला दिलेला शब्द मात्र फारसा बदलला नाही: सातबारा कोरा करू. हा शब्द कुणी दिला, कितपत पाळला आणि न पाळल्याची किंमत कुणी भरली, हे एकदा सलग मांडायला हवं. शब्द मोडल्यावर फसवणूक झाली असं आपण म्हणतो, पण माझ्या मते शेतकऱ्याचं नुकसान शब्द दिल्या दिवसापासूनच सुरू होतं.

सुरुवात विजेपासून करू. २००४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे सरकारनं कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. मुख्यमंत्री शेजारच्या सोलापूरचे, त्यामुळे आपल्याकडे त्या शब्दाला वजन होतं. आघाडी निवडून आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, तेही शेजारच्याच लातूरचे. आणि २००५ मध्ये तिजोरीचं कारण देऊन मोफत वीज मागे घेतली गेली. बिलं पुन्हा सुरू झाली, थकबाकी साचली, थकबाकीपोटी रोहित्रं बंद व्हायला लागली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज पुन्हा आली ती २०२४ मध्ये, दुसऱ्या एका निवडणुकीच्या वर्षात. मधल्या वीस वर्षांत ज्यानं उन्हाळ्यात वीज तोडल्यामुळे ऊस वाळलेला पाहिला, त्याला या योजनेचा आनंद झाला नाही असं नाही. पण ती किती दिवस टिकेल, हा त्याचा पहिला प्रश्न होता.

२००८ ची कर्जमाफी केंद्राची. दोन हेक्टरांच्या आत पूर्ण माफी, त्याच्या वर २५ टक्क्यांची सवलत आणि तीही उरलेलं भरल्यावर. बागायती पाच एकर आणि आपल्याकडचं कोरडवाहू सात एकर यांत जास्त गरीब कोण, हे कळंब तालुक्यात कुणालाही सांगता येईल. निकष मात्र एकरांवर थांबला. यादीत नाव येणं न येणं हे गरजेवर नव्हे, मुंबई-दिल्लीत आखलेल्या रेषेवर ठरतं, हे गावानं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

मग दुष्काळाची वर्षं आली. २०१२ पासून पावसानं जवळपास सलग दगा दिला. २०१५ मध्ये सरकारनं शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केलं ते यवतमाळ आणि आपला जिल्हा या दोनच जिल्ह्यांत. अवस्था काय होती हे त्यावरून कळावं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी ४९,२४८ कोटींचे आकडे जाहीर झाले. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच शहरात पुन्हा बैठक झाली आणि सिंचनाचे १४ हजार कोटी धरून ५९ हजार कोटींचे आकडे जाहीर झाले. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्याला २३.६६ टीएमसी पाणी देण्याची योजना तर या सगळ्याच्या आधीची. एक अख्खी पिढी तिची भाषणं ऐकत म्हातारी झाली, आणि अजूनही चर्चा चालते ती पहिल्या टप्प्यातल्या सात टीएमसीची.

देवेंद्र फडणवीस विरोधी बाकावर होते तेव्हा कर्जमाफी मागत होते. मुख्यमंत्री झाल्यावर, कर्जमाफीनं प्रश्न सुटत नाही, शेतीत गुंतवणूक हवी, अशी भूमिका त्यांनी घेतली. ती भूमिका चुकीची नव्हती. पण ती मतं मागताना सांगायची होती. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात ३४,०२२ कोटींची, ८९ लाख शेतकऱ्यांसाठीची कर्जमाफी जाहीर झाली. तिला ऐतिहासिक म्हटलं गेलं. गावात ती उतरली ती अशी: मर्यादा दीड लाखाची, तीही कुटुंबाला. त्याच्या वर कर्ज असेल तर आधी वरचं भरा. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायको दोघांच्या बोटांचे ठसे. ऐन खरिपाच्या कामात माणसं सेवा केंद्रांपुढे रांगा लावून बसली. शेतात राबून घासलेली बोटं यंत्र घेईना. दिवाळीत काही शेतकऱ्यांना समारंभात प्रमाणपत्रं मिळाली, याद्या मात्र पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहिल्या. पात्र ठरूनही पैसे न मिळालेले सुमारे साडेसहा लाख शेतकरी पुढच्या सरकारांच्या काळातही वाटच पाहत होते.

२०१९ ची आठवण अजून ताजी आहे. अवकाळी पावसानं सोयाबीन कुजलं, तेव्हा उद्धव ठाकरे बांधावर आले आणि हेक्टरी २५ हजारांची मागणी त्यांनी लावून धरली. महिन्याभरात ते स्वतः मुख्यमंत्री झाले. डिसेंबरमध्ये नागपूरला महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. ही योजना आधीच्यापेक्षा सुटसुटीत होती, अर्जाची कटकट नव्हती, पैसे लवकर पडले. हे श्रेय द्यायलाच हवं. पण थकबाकी दोन लाखांच्या वर एक रुपया गेली की माणूस योजनेच्या पूर्ण बाहेर. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग काढू म्हणाले, तो निघाला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली, ठाकरे तुळजापूर तालुक्यात काटगाव-अपसिंग्याला येऊन गेले आणि मदत ठरली ती जिरायतीला हेक्टरी १० हजार. मागणी करताना २५ आणि देताना १०. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार देण्याचा शब्द होता, तो प्रत्यक्षात उतरला २०२२ च्या अखेरीस, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना.

आता मूळ मुद्द्याकडे. कर्जमाफीचा शब्द आला की गावात नेमकं काय होतं? पीककर्जाचं दरवर्षी नवं-जुनं करावं लागतं. मार्चअखेर भरलं की तीन लाखांपर्यंत व्याज जवळजवळ शून्य, कारण केंद्र आणि राज्य दोघांची सवलत मिळते. पण माफी थकबाकीदारालाच मिळते हे आधीच्या योजनांनी शिकवलेलं असतं. मग शहाणा माणूसही थांबतो. थांबला की व्याजाची सवलत जाते, खातं थकीत होतं, बँक नवं कर्ज देत नाही. जिल्हा बँकेचे पैसे तेरणा आणि तुळजाभवानी या साखर कारखान्यांत अडकून तीच दुबळी झालेली, त्यामुळे सोसायटीकडूनही मोठा आधार नाही. पेरणी तर थांबत नसते. मग खासगी सावकार, नाहीतर बायकोच्या नावावर बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज, ज्याचा हप्ता दर आठवड्याला दारात येतो आणि जे कुठल्याही कर्जमाफीत बसत नाही. शब्द देणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं मी मानत नाही.

२०२४ ला हेच पुन्हा घडलं, आणि मोठ्या प्रमाणावर. लोकसभेला सोयाबीन-कांद्याच्या भावाचा राग होता. इथून ठाकरेंच्या शिवसेनेचे ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. मग ऑगस्टपासून लाडक्या बहिणींना १५०० रुपये यायला लागले. नोव्हेंबरमध्ये महायुतीनं कोल्हापुरात दहा वचनं दिली: १५०० चे २१००, शेतकऱ्यांना कर्जमाफी, सन्मान योजनेचे १२ चे १५ हजार. भाजपच्या जाहीरनाम्यात सोयाबीनला सहा हजारांचा भाव होता. राज्यात महायुतीला प्रचंड बहुमत मिळालं. आपल्या जिल्ह्यानं चारपैकी दोन जागा महायुतीला आणि दोन ठाकरेंच्या शिवसेनेला दिल्या. धाराशिव-कळंबमधून कैलास पाटील पुन्हा निवडून आले. निकालानंतर सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे ४,८९२ च्या, खालीच विकलं गेलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० नव्हते. त्याच महिन्याच्या शेवटी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा असं स्पष्ट सांगितलं. सांगितलं तेव्हा उरलेले दिवस तीन. चार महिने शब्दावर विसंबून पैसे दुसरीकडे खर्च झालेल्या माणसानं तीन दिवसांत कुठून भरायचे?

त्यानंतर सप्टेंबरचा पाऊस आला. भूम-परंड्यात घरं पाण्यात गेली, जनावरं वाहून गेली, वर्षानुवर्षं जपलेली काळी माती खरडून गेली. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कर्जमाफी 'योग्य वेळी' करू हे त्याआधीपासून सांगितलं जात होतं. ऑक्टोबरअखेर शेतकरी नेते बच्चू कडूंनी नागपूरचे रस्ते अडवले, तेव्हा कुठे एक तारीख मिळाली: कर्जमाफीवरची प्रवीण परदेशींची समिती एप्रिलपर्यंत अहवाल देईल आणि ३० जून २०२६ च्या आत निर्णय होईल.

तारीख मिळाली हा या वीस वर्षांतला खरा फरक आहे, आणि तो भाषणानं नव्हे, रस्त्यावर बसल्यानं मिळाला. पण ३० जूनच्या आधी ३१ मार्च येतो, आणि जूनमध्येच मृग येतो. त्या दरम्यान भरावं की थांबावं, हे येरमाळ्याच्या शेतकऱ्याला गटसचिव सांगू शकत नाही, बँकेचा शाखाधिकारीही नाही. ते सांगण्याची जबाबदारी मुख्यमंत्र्यांची आहे: कोणत्या तारखेची थकबाकी धरणार, मर्यादा किती, नियमित भरणाऱ्याला काय, आणि निर्णय होईपर्यंत थकीत खातेदाराला बियाणं-खतासाठी नवं कर्ज मिळणार की नाही. हे चार ओळींत लिहून शासन निर्णय काढता येतो. सभेतल्या पुढच्या शब्दाआधी तो कागद सोसायटीच्या फलकावर लागायला हवा.