घर, शाळा, सायकल : वर्षाचा हिशेब

वर्षाची आखणी करताना आम्ही दोघे शिक्षक पती-पत्नी दोन कॅलेंडर शेजारी ठेवतो. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2026 आणि 2027 मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षांत. त्यामुळे जुनी आखणी जशीच्या तशी चालत नाही.

घर, नोकरी आणि सायकल यांना दर महिन्यात सारखा वेळ देता येत नाही. द्यायची गरजही नाही. जूनपासून शाळा पुढे. 24 वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवडश्रेणीची कागदपत्रे आम्ही पावसाळ्यातच जमवायला घेतो. दिवाळीनंतर सायकल. 200 किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करावी लागते. तिचा सराव रविवारी फजरनंतर, पाळीपाळीने. एक रस्त्यावर, दुसरा घरी. रमजानमध्ये असरनंतर अर्धा तास हलकी फेरी आणि इफ्तारला घरात. एवढे पुरे.

यंदा डिसेंबरात अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. म्हणून ब्रेव्हे एकच जण करणार, तीही जानेवारीच्या शेवटी. दुसऱ्याची पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह. आधीच ठरले, म्हणून रुसवा नाही.

तुमचा छंद कोणताही असो. कॅलेंडरवर आधी ऑपरेशन, परीक्षा, लग्नकार्य आणि ईद लिहा. मग मोकळे रविवार मोजा. दहा उरले, तर दहा रविवारांत बसेल एवढेच ध्येय धरा.