मदिनेच्या छत्र्या: मिटण्यासाठी घडवलेले छत

उष्ण व कोरड्या प्रदेशातील चौकात सावली करताना दिवसाच्या उन्हाइतकाच रात्रीच्या उघड्या आकाशाचा विचार करावा लागतो; कारण तापलेली फरसबंदी रात्री आपली उष्णता प्रारणाच्या, म्हणजे अदृश्य किरणांच्या, रूपाने आकाशाकडे सोडते, आणि वर कायमचे छत असेल तर तिचे हे निवणे अडते. सावलीत हवेचे तापमान फारसे उतरत नाही; थेट ऊन आणि फरशीची धग टळते, व माणसाला मिळणारा दिलासा मुख्यतः त्याचाच असतो.

या दुहेरी गरजेचे उत्कृष्ट उत्तर सौदी अरेबियातील मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीत पाहावयास मिळते. ताणलेल्या कापडाच्या वास्तुरचनेचे प्रवर्तक, जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांच्यासोबत काम केलेल्या बोडो राश यांनी 1992 मध्ये तेथील दोन अंगणांसाठी बारा यांत्रिक छत्र्या उभारल्या, आणि सुमारे दोन दशकांनी मशिदीभोवतीच्या विस्तीर्ण पटांगणावर साधारण 25 मीटर बाजूच्या 250 छत्र्या आल्या. त्यांचा आकार नरसाळ्यासारखा, मध्याकडे उतरता असल्याने पावसाचे पाणी खांबाच्या पोटातून खाली जाते. कापड एका दिशेने वर व दुसऱ्या दिशेने खाली वळवून ताणलेले असते, कारण सपाट कापड वाऱ्यात फडफडते आणि फडफडणारे कापड लवकर फाटते.

खरी कसोटी मात्र घडीची आहे. काचतंतूंचे कापड टिकाऊ असले तरी वारंवार दुमडल्याने त्याचे तंतू तुटतात. म्हणून येथे टेफ्लॉन या नावाने परिचित असलेल्या रसायनाच्या धाग्यांचेच कापड विणले गेले, जे रोजची उघडमीट सोसते आणि प्रखर उन्हातही कुजत नाही. उन्हाळ्यात छत्र्या दिवसा उघडून रात्री मिटतात, तर हिवाळ्यात हा क्रम उलटवून दिवसाचे ऊन आत घेता येते व रात्री त्याची ऊब राखता येते. एकाच रचनेने दोन्ही ऋतूंना असे सामोरे जावे, ही स्थापत्यातील विलक्षण सिद्धी म्हटली पाहिजे.

अर्थात यंत्रे, वाऱ्याचे मापन व प्रशिक्षित कर्मचारी यांचा खर्च मोठा असतो. स्पेनमधील सेव्हिल शहरात अरुंद गल्ल्यांवर केवळ उन्हाळ्यापुरती कापडे ताणतात. ज्या नगरपालिकेला यंत्रांची नित्य देखभाल झेपणार नाही, तिने अशी हंगामी कापडे आणि झाडे यांचाच आधार घ्यावा, कारण नादुरुस्त होऊन उघडीच अडकलेली छत्री पहिल्या वादळात चौकातील माणसांना धोकादायक ठरते.