विश्लेषण : अमेरिकेतील गुणी बेसबॉलपटू एकेकाळी ‘मेजर’ऐवजी ‘मायनर’ लीगमध्येच का रमत?

न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्ट २०२२मध्ये राष्ट्रीय मंडळाच्या केंद्रीय करारातून बाहेर पडला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कुटुंबासाठी वेळ आणि फ्रँचायझी लीगमध्ये खेळण्याची मोकळीक, असा त्याचा सरळ हिशेब होता. सर्वोच्च पातळी सोडून दुसरीकडे खेळण्याचा असाच हिशेब अमेरिकी बेसबॉलमध्ये शंभर वर्षांपूर्वी मांडला जात होता. फक्त तिथे तो प्रत्येक वेळी खेळाडूच मांडत होता असे नाही.

‘मेजर’ खरोखर किती मेजर होती?

आज मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि मायनर लीग म्हणजे त्यांच्यासाठी खेळाडू घडवणारी शाळा. पूर्वी चित्र वेगळे होते. १९०३ ते १९५२ अशी ५० वर्षे मेजर लीगमध्ये तेच १६ संघ होते आणि तेही अवघ्या दहा शहरांत. त्यांतले सर्वांत पश्चिमेचे शहर म्हणजे मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुईस. त्यापलीकडच्या निम्म्याहून अधिक अमेरिकेत मेजर लीगचा एकही संघ नव्हता. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल इथल्या प्रेक्षकांसाठी घरचा संघ हाच सर्वोच्च संघ. टीव्ही नव्हता, त्यामुळे न्यूयॉर्कचा सामना वृत्तपत्रातील आकड्यांपुरताच.

शिवाय मायनर लीगमधील बरेच संघ स्वतंत्र मालकांचे होते. तिकिटे विकायची आणि चांगला खेळाडू तयार झाला की तो मेजर लीगला चढ्या किमतीत विकायचा, हा त्यांचा धंदा होता.

पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये काय मिळत होते?

या सगळ्यात मोठे नाव होते १९०३मध्ये सुरू झालेल्या पॅसिफिक कोस्ट लीगचे. पहिले आकर्षण हवामान. मेजर लीगचा हंगाम १५४ सामन्यांचा, तर कॅलिफोर्नियाच्या उबदार हवेत तो १८०-२०० सामन्यांपर्यंत जाई. १९०५मध्ये सॅन फ्रान्सिस्को सील्सने तब्बल २३० सामने खेळले! हे प्रकरण दमछाकीचे वाटेल. पण त्या काळात पगार हंगामापुरता असे. हिवाळ्यात खेळाडूंना दुकानात, शेतात, मिळेल तिथे काम शोधावे लागे. हंगाम लांबला की पगाराचे महिने वाढत. दुसरीकडे मेजर लीगमध्ये १९४६पर्यंत किमान वेतनच ठरलेले नव्हते. त्यामुळे तिथल्या गरीब संघाच्या राखीव फळीत बसण्यापेक्षा किनाऱ्यावरचा ‘स्टार’ होणे काहींना आर्थिकदृष्ट्याही परवडत असे.

प्रवासही सुसह्य होता. दोन संघ एकाच शहरात मंगळवार ते रविवार खेळत आणि सोमवारी पुढच्या गावाची गाडी पकडत. घर जवळ, गल्लीत ओळख, खेळ संपल्यावर त्याच शहरात व्यवसायाची संधी. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या लेफ्टी ओडूलने मेजर लीगमध्ये १९२९मध्ये .३९८ सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ३९८ हिट, अशी कामगिरी केली. मात्र १९३५मध्ये तो सील्सचा मॅनेजर म्हणून गावी परतला आणि १९५१पर्यंत तिथेच राहिला.

स्टीव्ह बिल्कोचे उदाहरण अधिक बोलके आहे. धिप्पाड बिल्कोला मेजर लीगमध्ये जम बसवता आला नव्हता. लॉस एंजेलिस एंजल्सकडून मात्र त्याने १९५६मध्ये ५५ आणि १९५७मध्ये ५६ होम रन फटकावले, १९५५पासून सलग तीन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हॉलीवूडच्या शहरात तो कुठल्याही नटाइतकाच ओळखीचा होता.

निवड खेळाडूची की मालकाची?

इथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. तेव्हाच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम असे. करार संपला तरी खेळाडूवर हक्क संघाचाच. हे कलम १९७५च्या लवादाच्या निकालापर्यंत टिकले. म्हणजे खेळाडूला वर जायचे असले तरी मालकाने विकल्याशिवाय मार्ग नव्हता.

बाल्टिमोर ओरिओल्सचा मालक जॅक डन याने याचा पुरेपूर फायदा घेतला. एरवी मेजर लीगचे संघ ठरावीक, तुलनेने कमी किमतीत मायनरमधील खेळाडू उचलू शकत. १९१९नंतर काही वर्षे बड्या मायनर लीग या पद्धतीतून बाहेर पडल्या. डनने गुणवान खेळाडू अडवून ठेवले आणि १९१९ ते १९२५ सलग सात विजेतेपदे मिळवली. त्याच्याकडचा पिचर लेफ्टी ग्रोव्ह पाच हंगाम तिथेच खेळला. अखेर १,००,६०० डॉलरला तो फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडे गेला. वरचे ६०० डॉलर बेब रूथच्या एक लाखाच्या किमतीला मागे टाकण्यासाठी, असे म्हणतात. ग्रोव्हने पुढे मेजर लीगमध्ये नेमके ३०० विजय मिळवले. बाल्टिमोरमधले पाच हंगाम त्यात धरलेले नाहीत.

ओकलंडच्या बझ आर्लेटचे तर वयच निघून गेले. १९१८पासून किनाऱ्यावर गाजलेल्या या फलंदाजाला मेजर लीगचे दार १९३१मध्ये, ३२व्या वर्षी उघडले. फिलाडेल्फिया फिलीजकडून त्याची सरासरी .३१३ होती, १८ होम रनही होते. तरी पुढच्या हंगामात तो पुन्हा मायनरमध्ये दिसला. तिथे त्याने ५४ होम रन मारले.

सर्वांत विचित्र कहाणी फ्रँक शेलेनबॅकची. थुंकी लावून चेंडू वळवण्याचे तंत्र, म्हणजे ‘स्पिटबॉल’, हे त्याचे अस्त्र होते. (क्रिकेटमध्ये थुंकीवर बंदी यायला करोना उजाडावा लागला.) मेजर लीगने १९२०मध्ये त्यावर बंदी घातली आणि सध्या खेळणाऱ्या १७ पिचरना सूट दिली. शेलेनबॅक नेमका त्याआधी मायनरमध्ये पाठवला गेल्याने यादीत नव्हता. पॅसिफिक कोस्ट लीगने मात्र आपल्याकडच्या जुन्या पिचरना सूट दिली होती. तिथे त्याने २९५ सामने जिंकले. याला निवड म्हणायचे का?

आणि ही निवड, जेवढी होती तेवढी, गोऱ्या खेळाडूंपुरतीच होती. मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७मध्ये आला. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये जॉन रिची हा कृष्णवर्णीय खेळाडू त्यानंतर वर्षभराने, सॅन दिएगोकडून.

हे सगळे का संपले?

आधी टीव्ही आला. १९४९मध्ये मायनर लीगच्या सामन्यांना जवळपास चार कोटी प्रेक्षक होते, १९५७पर्यंत ते दीड कोटींच्या आसपास आले. मेजर लीगच्या संघांनी मायनर संघ आपल्या पंखाखाली घेतल्याने स्वतंत्र मालकही उरले नव्हते. पॅसिफिक कोस्ट लीगने आपल्यालाच तिसरी मेजर लीग करा, अशी मागणी लावून धरली. १९५२मध्ये तिला ‘ओपन’ असा खास दर्जा मिळाला, पण मेजरचा शिक्का काही मिळाला नाही.

मग विमानप्रवास सोपा झाल्यावर मेजर लीग स्वतःच पश्चिमेला आली. १९५८च्या हंगामापासून डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला हलले. किनाऱ्यावरचा मेजर लीगचा पहिला सामना १५ एप्रिल १९५८ रोजी झाला आणि जायंट्सने डॉजर्सना ८-० असे हरवले. मैदान होते सील्स स्टेडियम. ज्यांच्यासाठी ते बांधले होते, तो सील्स संघ तोवर अ‍ॅरिझोनातील फिनिक्सला गेला होता.