झाकण घट्ट आहे, पण…

लेटरबॉक्सिंगचा छंद ऐकायला अगदी सोपा. एका डब्यात नोंदवही आणि हाताने कोरलेला शिक्का ठेवायचा, तो कुठेतरी उघड्यावर लपवायचा आणि तिथवर पोचायच्या खाणाखुणा लिहून द्यायच्या. शोधणाऱ्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा ठेवून यायचं. सुरुवात अशी झाली: इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या दलदलीत, क्रॅन्मियर पूल या आडजागी, 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्यांनी तिच्यात आपलं कार्ड टाकायचं, एवढीच कल्पना होती. पुढची शंभरेक वर्षं हा प्रकार बहुतांशी त्याच भागात राहिला. 1998 साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात लेख आला आणि अमेरिकेत त्याचं वेड पसरलं.

कुवेतमध्ये हा छंद करायचा, तर डब्यासाठी अम्गराकडे बघण्याचा मोह होतो. जहरा शहराच्या वाटेवरची ही औद्योगिक वस्ती. ‘सकराब अम्गरा’, म्हणजे अम्गराचं भंगार, म्हटलं की कुठल्याही टॅक्सीवाल्याला कळतं. मोडीत निघालेल्या गाड्या, पत्रे, पाइप, पिंपं, कसल्या कसल्या पेट्या. डबा म्हणून चालेल असं तिथे पन्नास जागी दिसतं. त्यातलं बहुतेक सगळं चालत नाही. आणि का चालत नाही, याबद्दल जाणत्या माणसांच्या डोक्यातही काही पक्के गैरसमज असतात.

‘पाणी आत गेलं नाही की काम झालं’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. डबा बादलीत बुडवून बघायचा, बुडबुडे आले नाहीत की खूश व्हायचं. या चाचणीत डबा नवा असतो, थंड असतो आणि बादलीत चार मिनिटं असतो. बाहेर त्याला महिनोन् महिने राहायचं असतं, आणि तिथे तो श्वास घेतो.

हिशोब साधा आहे. पहाटे डब्यातली हवा 20 अंशांवर असेल आणि दुपारी 60 वर गेली, तर ती सुमारे चौदा टक्के फुगते. झाकणातून वाट मिळाली, तर साधारण आठवा हिस्सा हवा बाहेर पडते. वाट मिळालीच नाही, तर तो सगळा दाब झाकणावर येतो. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या झाकणाला आतून जवळपास वीस किलोंचा रेटा बसतो. स्वयंपाकघरातल्या डब्याच्या नाजूक क्लिपा यासाठी केलेल्याच नसतात. रोजच्या या ओढाताणीत त्या बिजागरीपाशी तडकतात.

मग रात्र होते, हवा आक्रसते आणि डबा बाहेरची हवा ओढून घेतो. झाकणाच्या खाचेत दव किंवा पावसाचं पाणी साचलं असेल, तर तेही ओढलं जातं. तापलेल्या डब्यावर अचानक सर कोसळली, तर हेच घडायला रात्रीचीही गरज नाही. बादलीत कोरडा राहिलेला डबा डोंगरावर ओला का निघाला, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

डब्यावर छापलेल्या ‘आयपी 67’ वगैरे आकड्यांचंही तसंच. पहिला सहा म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी आत पाणी शिरून नुकसान होत नाही. आकडे खरे आहेत, पण ती परीक्षा नव्या नमुन्याची असते. दोन उन्हाळे सोसलेल्या रबराबद्दल किंवा झाकणात अडकलेल्या वाळूच्या कणाबद्दल ते आकडे काहीच सांगत नाहीत. वाळूचा एक कण कडेवर बसला, की त्याच्या दोन्ही बाजूंना फट राहते. डबा बंद करण्याआधी कुकरची रिंग पुसतो तशी कड कोरड्या फडक्याने पुसायची. रिंग मऊ राहावी म्हणून व्हॅसलीन मात्र चोपडू नये; त्याने बरीच रबरं फुगतात आणि मग झाकण नीट बसत नाही.

‘कुवेतमध्ये कुठला आलाय पाऊस?’

वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर, हे खरं. पण तो पाऊस वर्षभर वाटून पडत नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये असा कोसळला की रस्ते नद्यांसारखे वाहिले आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खोलगट जागी ठेवलेला डबा अशा दिवशी नुसता भिजत नाही, वाहूनच जातो.

पावसाहून अधिक त्रास धूळ आणि दमटपणा देतात. उन्हाळ्याच्या पूर्वार्धात वायव्येचा शमाल वारा पिठासारखी बारीक धूळ उडवतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आग्नेयेकडून वारा आला की किनाऱ्याच्या पट्ट्यात चष्म्यावर बाष्प धरतं. कुवेतची खाडी अम्गरापासून दूर नाही. कोरड्या देशातला डबा कोरडाच राहील, हे गृहीत धरू नये.

‘लोखंडी पेटी सगळ्यात टिकाऊ’

अमेरिकेत या छंदाच्या आणि त्याच्या भावंडाच्या, म्हणजे जीओकॅशिंगच्या, जगात लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या पेट्यांना फार मान आहे. जाड पत्रा, रबरी कड, खटक्याची कडी. तिथल्या जंगलात त्या वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून अम्गरात तशी एखादी पेटी दिसली की नवख्याचे डोळे चमकतात.

कुवेतमध्ये ही पेटी वापरायची नाही. चर्चेचा प्रश्नच नाही. 1990-91 च्या इराकी आक्रमणाने आणि युद्धाने या वाळवंटात सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब पेरून ठेवले. अम्गरावरून जहरा, तिथून मुतलाची टेकडी आणि पुढे इराकच्या सीमेकडे जाणारा 80 क्रमांकाचा महामार्ग, याच पट्ट्यात फेब्रुवारी 1991 मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्यावर भीषण हल्ले झाले. मोठी सफाई झाली, तरी वाऱ्याने वाळू सरकली किंवा जोराचा पाऊस झाला की जुनं काही ना काही वर येतं. अशा मुलखात लष्करी रंगाची पेटी दगडाखाली लपवायची, म्हणजे सापडेल त्याला घाबरवायचं आणि बॉम्बशोधक पथकाला धावायला लावायचं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: वाळवंटात धातूची पेटी दिसली तर ती कुणाचा तरी लेटरबॉक्स असेल असं समजून हात लावायचा नाही. मुलं बरोबर असतील तर हे निघण्याआधीच सांगायचं. याच कारणासाठी डबा पुरायचाही नाही. खणणं नाही, म्हणजे नाही. तसं डार्टमूरमध्येही डबा दगडांच्या नैसर्गिक सांदीतच ठेवतात.

डबा पारदर्शक किंवा दुधी असावा, आत वही आहे हे बाहेरूनच दिसावं. तो काय आहे हे इंग्रजी आणि अरबीत वर लिहावं आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. तेलक्षेत्रं, लष्करी हद्द, सरकारी कुंपणं यांच्या वाटेला जाऊ नये. मुंबईत बेवारस वस्तूंबद्दलच्या सूचना ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

‘मग आपला स्टीलचा डबा काय वाईट?’

मराठी घरात वस्तू टिकवायची म्हणजे स्टीलचा डबा, ही श्रद्धा आहे. पण त्याचं झाकण नुसतं घर्षणावर बसतं. ती बारीक फट पाणी ओढून घेते, पत्रा लवकर गार होतो आणि आतून घाम धरतो. लाडूंसाठी उत्तम. काचेची बरणी हवेला पक्की, पण फुटते आणि काचा मागे ठेवते. तिचा विचारच नको. श्रीखंडाचा किंवा तुपाचा प्लॅस्टिकचा डबा कितीही धुतला तरी वास सोडत नाही. तो वास आपल्याला येत नाही. मुंग्यांना, उंदरांना आणि सह्याद्रीतल्या माकडांना येतो. अम्गरातलं रसायनाचं पिंप किंवा कॅन कितीही मजबूत असला, तरी त्यात आधी काय होतं हे ठाऊक नसताना लहान मुलं हात घालतील अशा कामाला तो घेऊ नये.

‘इथल्या उन्हात प्लॅस्टिक वितळतं’

वितळत नाही. 21 जुलै 2016 रोजी कुवेतच्या मित्रिबा इथे 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे ते ग्राह्य धरलं. उघडी वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते. तरी डब्याचं पॉलिप्रॉपिलीन वितळायला 160 अंशांच्या आसपास तापमान लागतं. डबा मरतो तो अतिनील किरणांनी. ते प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात आणि उष्णता त्या कामाला वेग देते. आधी चमक जाते, मग बोट फिरवलं की पांढरी पूड लागते, आणि एक दिवस क्लिप उघडताना ती हातात येते.

गच्चीवरची काळी टाकी वर्षानुवर्षं उन्हात का टिकते? तिच्या प्लॅस्टिकमध्ये दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते आणि ती किरणं अडवते. पण काळा डबा तापतोही जास्त, आणि वर म्हटल्याप्रमाणे इथे आतलं दिसणं महत्त्वाचं. म्हणून रंगापेक्षा सावली शोधावी. उत्तरेकडे तोंड असलेली, दिवसभर ऊन न लागणारी दगडाची सांद मिळाली, तर साधा दुधी डबाही बराच काळ तग धरतो. उघड्यावर ठेवलेला महागडा डबा धरत नाही.

छोट्या आकारात मला सगळ्यात भरवशाची वाटते ती बाटली फुगवण्याआधीची पेट प्लॅस्टिकची जाड नळी. परीक्षानळीसारखी दिसते, भिंत जाड, झाकण आट्यांचं. पण तिच्यात वहीऐवजी कागदाची गुंडाळीच मावते, शिक्का नाही. लेटरबॉक्सला अर्धा-पाऊण लिटरचा, आट्यांच्या झाकणाचा, रुंद तोंडाचा डबा बरा. चार क्लिपांपेक्षा आटे चांगले, कारण तुटायला काही नसतं आणि घट्ट बसलं की नाही हे हाताला कळतं.

‘सिलिका जेलची पुडी टाकली की निश्चिंत’

पुडी उपयोगी आहे, पण तिची ताकद समजून घ्यायला हवी. दमट हवेत पाच ग्रॅमची पुडी साधारण एक ग्रॅम पाणी धरते. अर्ध्या लिटरचा डबा एका रात्री साठेक मिलिलिटर हवा आत ओढतो. ती अगदी ओलीचिंब असली तरी तिच्यात दोन मिलिग्रॅमही बाष्प नसतं. या हिशोबाने पुडी वर्षभर पुरायला हरकत नाही. पण कुणी भर पावसात वही उघडली आणि खिशाएवढ्या वहीचं एक पान भिजलं, तर तेवढ्यानेच एक ग्रॅम पाणी आत जातं. वर्षभराची पुडी त्या एका पानात खलास.

निळे दाणे टाळावेत. त्यांच्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि डबा पोरं उघडतात. नारिंगी घ्यावेत. रंग बदललेले सुटे दाणे ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तासदोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात.

‘आतल्या वस्तू आतच सुरक्षित’

याकडे कुणाचंच लक्ष नसतं. शिक्का बहुधा खोडरबर कोरून केलेला असतो. कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून बसलेला आणि सोडवल्यावर पट्टीवर खड्डा पडलेला, हे प्रत्येकाने शाळेत पाहिलं आहे. विनाइलच्या खोडरबरात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि ते विरघळवू लागतं. कुवेतच्या उन्हाळ्यात हे काम कितीतरी लवकर होतं. शिक्का लाकडी ठोकळ्यावर बसवून सुती फडक्यात गुंडाळावा. फडकं शाईही टिपतं.

शाईचा पॅड डब्यात ठेवू नये, ज्याने त्याने आपला आणावा. उन्हात तो सुकतो नाहीतर गळतो. वहीला तारेची स्पायरल नको, गंजते. दोऱ्याने शिवलेली घ्यावी. जेल पेन पाण्याने पसरतं, बॉलपेन टिकतं, आणि शिसपेन्सिलीला कशानेच काही होत नाही.

वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिपलॉकच्या पिशव्यांत घालतात ते ठीक, पण ती पिशवी काही दुसरा डबा नव्हे. झिपच्या टोकांना फट राहते, घडीवर भोकं पडतात. आत ओल गेलीच तर ती सुटू न देण्याचं कामही पिशवीच करते आणि बुरशीला घर मिळतं. कुवेतमध्ये हे उशिरा कळतं. हाच डबा सुट्टीत गावी नेऊन महाबळेश्वरच्या बाजूला ठेवला, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर एका जुलैत कळतं. तिथे सावलीपेक्षा उंचवटा शोधावा, तोंड खाली करून डबा ठेवावा आणि किल्ल्याच्या तटबुरुजांच्या दगडांत तो अजिबात खुपसू नये.

बरेच डबे फसतात ते झाकणात पिशवीचं टोक अडकल्यामुळे. शेवटच्या माणसाने घाईत डबा मिटलेला असतो, प्लॅस्टिकची जीभ बाहेर लोंबत असते आणि पाणी तिच्यावरून आरामात आत चालत जातं. म्हणून पिशवी डब्यापेक्षा लहान घ्यावी, डबा गच्च भरू नये आणि झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने लिहावं: कड पुसा, पिशवी आत दाबा, मग फिरवा.