गोळीचा उशीर

आगरदांड्याहून दिघीला निघालेली फेरीबोट खाडीत आली आणि वारा आडवा असला, की सारंग बोटीचे तोंड जेट्टीच्या रोखाने न धरता थोडे वाऱ्याच्या अंगाला धरतो. रायफलीतून सुटलेली गोळीही तेच करते, पण सांगायला तिच्यावर कोणी सारंग नसतो. नळीतल्या आट्यांमुळे ती स्वतःभोवती गरगर फिरत असते आणि या फिरकीमुळेच तिचे नाक समोरून येणाऱ्या हवेकडे वळते. आडव्या वाऱ्यात ही हवा किंचित तिरकी येते, म्हणून नाकही किंचित तिरके होते आणि हवेचा विरोध गोळीला मागे खेचता खेचता थोडा बाजूलाही खेचतो.

यातून निघणारे गणित मजेदार आहे. भारतीय लष्करात जुन्या ओळखीचे ७.६२×५१ मि.मी.चे काडतूस घ्या. त्याची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. हवा नसती, तर पाचशे मीटर तिने ०.६ सेकंदात कापले असते. हवेमुळे तिला साधारण ०.७८ सेकंद लागतात. सेकंदाला पाच मीटर वेगाचा आडवा वारा असेल, तर गोळी किती सरकेल? ०.७८ ला पाचने गुणले की जवळजवळ चार मीटर, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ती सरकते नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. वाऱ्याचा वेग गुणायचा तो फक्त झालेल्या उशिराशी, म्हणजे ०.१८ सेकंदाशी.

नव्या गोळ्यांवर जगभर चाललेला वाद मला या उशिराभोवतीच फिरताना दिसतो. बोलणारे मात्र व्यासावर भांडतात: ५.५६ की ७.६२, की मधलेच काही? खरी करामत आकारात आहे. गोळी लांबोडकी, नाकाला टोकदार आणि बुडाशी निमुळती केली, की तिच्या मागे तयार होणारी कमी दाबाची पोकळी लहान होते, वेग टिकतो आणि उशीर घटतो. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस नेमबाजांनी डोक्यावर घेतले ते याच गुणासाठी. लांब गोळी स्थिर राहायला फिरकी मात्र जास्त लागते, म्हणजे नळीतले आटेही अधिक पिळाचे हवेत.

अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये निवडलेले ६.८×५१ याच्या पुढे गेले. त्यात दारूचा दाब दर चौरस इंचाला ८०,००० पौंडांपर्यंत जातो. नेहमीच्या काडतुसात तो ६०,००० च्या घरात असतो. एवढा दाब नुसत्या पितळी पुंगळीला झेपत नाही, म्हणून तिचे बूड पोलादाचे केले. याची किंमत जवान खांद्यावर मोजतो: पूर्वी तो २१० काडतुसे नेई, आता १४०. सत्तर काडतुसे कमी घेऊन जायचे, तर प्रत्येक गोळी तेवढी नेमकी लागली पाहिजे, आणि चकमकीत तसे क्वचितच घडते. मला हा सौदा महागाचा वाटतो.

आपल्याकडे उलटीच गंमत झाली. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने इन्सास रायफल ५.५६ साठी घडवली. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात या मापाची काडतुसे तयार होतात. मग लांब पल्ल्यासाठी ७.६२×५१ ची सिग ७१६ रायफल घेतली, आणि अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ बनू लागली. या एके-२०३ चे ७.६२×३९ हे काडतूस दुसऱ्या महायुद्धातले. त्याची गोळी आखूड, सेकंदाला सातशे मीटरच्या थोडी वर सुटणारी. वर धरलेल्याच वाऱ्यात आणि अंतरावर ती दुपटीने सरकते.

या काडतुसाची दिघीच्या रायगड जिल्ह्याला वेगळीच ओळख आहे. दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांआधी चोरून उतरवलेल्या मालात याच मापाच्या एके-५६ रायफली होत्या. तरीही लष्कराची निवड मला चुकीची वाटत नाही. काश्मीरच्या गल्लीत किंवा ईशान्येच्या जंगलात पाचशे मीटरवरचे दिसतेच कुठे? शंभर मीटरवर या गोळीचा उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे असतो, आणि तेवढ्यात वारा गोळीला सरकवतो ती बोट-दोन बोटे.