शांततेचा चौक, सुवासिनींच्या हातचा

निफाडच्या द्राक्षबागांचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा मागे टाकून पश्चिमेकडे निघाले, की नाशिक ओलांडताच भूमीचे रूप पालटू लागते. पेठ, सुरगाण्याच्या डोंगराळ मुलखात कोकणा, महादेव कोळी यांच्याबरोबर वारली समाजाचीही वस्ती आहे. ती पुढे जव्हार-मोखाडा आणि डहाणू-तलासरीपर्यंत पसरली आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली या समाजाची चित्रे आता शहरी दिवाणखान्यांनाही परिचित आहेत. या चित्रांतील शांततेचा अर्थ मात्र तितकासा परिचित नाही.

वारली परंपरेत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर 'चौक' काढतात. वारली बोलीत तो 'लिहितात'. हा मान सुवासिनींचा. लग्नाचे विधीही धवलेरी ही स्त्री आपल्या गाण्यांतून पार पाडते. चौकटीच्या मध्यभागी पालघट देवी असते. ती सर्जनाची, वनस्पतींची देवता. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, झाडे, पशुपक्षी आणि नाचणारी माणसे येतात. घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या हा रक्षक देव असतो. पण त्याची चौकट लहान आणि बाजूला. मध्यवर्ती स्थान देवीचेच.

या मांडणीतच शांततेची एक संकल्पना दडलेली आहे. येथे शांतता म्हणजे निश्चलता नव्हे. पीक उगवते आहे, झाड फोफावते आहे, नवे घर वसते आहे, अशी ती भरलेपणाची अवस्था आहे. चित्रातील स्त्री-पुरुषांचे देह टोकाशी जुळलेल्या दोन त्रिकोणांचेच. स्त्री ओळखायची ती अंबाड्यावरून. माणूस झाडाहून मोठा काढण्याचा आग्रहही येथे नाही.

मिथिलेतील कोहबर या चित्राशी याचे जवळचे नाते आहे. नवदांपत्याच्या खोलीतील भिंतीवर तेथील स्त्रिया कमळ आणि बांबू रेखाटतात. या दोन्ही कला भिंतीवरून कागदावर येण्यात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचा वाटा होता. १९६६-६७ च्या दुष्काळात त्यांनी मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद दिला. पुढे १९७० च्या दशकात ते वारली पाड्यांवर पोहोचले.

त्यानंतरची वाट मात्र वेगळी झाली. मिथिलेत जगदंबा देवींसारख्या स्त्रिया नावारूपाला आल्या. त्यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली कलेला जगभर नेले ते जिव्या सोमा माशे यांनी. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु ज्या सुवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत. आज वारली स्त्रियाही कागदावर, कापडावर चित्रे काढतात. तरीही बाजारात तारपा नृत्य जितके दिसते, तितकी पालघट दिसत नाही.

प्रतीक भिंतीवरून उचलून नेता येते. त्यामागचा हात विसरला, की उरते ती केवळ सजावट. हा विचार निफाडच्या घरांनाही परका नाही. श्रावणात देव्हाऱ्याजवळ जिवतीचा कागद लावून लेकराबाळांसाठी तिची पूजा करणारी गृहिणी हेच मागणे मागत असते. घर भरलेले असावे, मुले खेळती असावीत. लोकचित्रातील शांतता याहून निराळी नाही.