चिखलाचीं बेटें

३५ वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. त्रिभुज प्रदेशाचा पाठ आला कीं फळ्यावर एक त्रिकोण काढावा, 'नदी गाळ आणते, थरावर थर सांचतो, भूमि समुद्रांत पुढें सरकते' असें सांगावें आणि पुढच्या पाठाकडे वळावें, हा माझा परिपाठ होता. खालचा थर जुना, वरचा नवा, आणि बसला तो बसला, असेंच मुलें समजून गेलीं. मिसिसिपी नदीच्या मुखाशीं मात्र हा नियम उलटा होतो.

ही नदी पक्ष्याच्या पंजासारख्या फांट्यांनीं मेक्सिकोच्या आखातास मिळते. त्या फांट्यांच्या, विशेषतः दक्षिण फांट्याच्या, तोंडाशीं समुद्रांतून चिखलाचीं बेटें वर येतात. कांहीं तर थोड्याच दिवसांत पाण्यावर दोन-तीन मीटर डोकें काढतात. त्यांच्या माथ्यावरील भेगांतून खारट चिखल आणि वायूचे बुडबुडे निघतात. न्यू ऑर्लीन्सकडे जाणाऱ्या जहाजांची वाट याच तोंडांतून. तेव्हां कालची खोल वाट आज उथळ झाली, तर नावाड्यानें विश्वास कशावर ठेवावा?

कित्येकांस वाटे कीं वायूच हा चिखल वर उचलतो. चार्ल्स लायेल हा भूशास्त्रज्ञ १८४६ सालीं तेथें गेला होता. त्यानें नव्या गाळाच्या भाराकडे बोट दाखविलें. पुढें १९६० च्या सुमारास जेम्स मॉर्गन व त्यांचे सहकारी यांनीं तेथें खोल छिद्रें पाडून पाहिलीं, तेव्हां लायेलचा तर्कच खरा ठरला.

घडतें तें असें. अतिसूक्ष्म चिकणमाती नदीच्या तोंडापासून दूर, शांत पाण्यांत बसते. तिच्यांत पाणी पुष्कळ कोंडलेलें असतें. नदी पुढें सरकते आणि पुराबरोबर आलेली जड वाळू त्याच मातीवर घाईनें टाकते. कणांमधील वाटा इतक्या अरुंद, कीं पाण्यास निसटून जाण्यास सवड मिळत नाहीं. माती घट्ट होण्याऐवजीं मऊच राहते. मग पुरण भरलेला उंडा एका बाजूस दाबल्यावर पुरण दुसरीकडून फुटावें, तशी ती वाळूच्या पुढें व वर उसळते. वाळू खालीं खचते आणि त्या खळग्यांत आणखी वाळू सांचते.

जेम्स ईड्स यानें १८७५ ते १८७९ या काळांत फांद्यांच्या चटया व दगड यांचे दोन लांब बंधारे घालून दक्षिण फांट्याचा प्रवाह आंवळला. नदीनें आपली वाट आपणच खोल केली. पण वाळूचा दांडा समुद्रांत जसा पुढें गेला, तशीं बेटेंहि पुढें उगवूं लागलीं.

लाटा हीं बेटें लवकरच खाऊन टाकतात. तोंवर त्यांवर उभें राहणाऱ्याच्या पायांखालीं, खोल समुद्रांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचे शिंपले उघड्या उन्हांत पडलेले असतात.